बाहेर गेलेल्या मांजराला आपल्या बागेत परत यायची वाट कशी करून द्यायची

मांजर बाहेर गेलं आणि परत येईना म्हणून लोक घाबरतात, शोधाशोध करतात, ग्रुपवर फोटो टाकतात, आणि बऱ्याचदा ते मांजर कंपाउंडच्या पलीकडेच कुठल्यातरी गाडीखाली बसलेलं असतं. हरवलेलं नसतं ते. त्याला घर माहितीये, बाग दिसतीये, जेवणाचा वास पण येतोय, फक्त वर चढायला जागा नाहीये. आमच्याकडे तीन मांजरं आहेत आणि तिन्ही बाहेर हिंडणारी, आणि आजूबाजूच्या बंगल्यांमधली पण बघते मी, तर माझं ठाम मत असं झालंय की जायची वाट आपण नकळत करून ठेवलेली असते, यायची वाट मुद्दाम करावी लागते. ती कशी करायची ते सांगते.

आधी अडचण काय होते ते समजून घ्या. आतल्या बाजूला पेरूचं झाड असतं, टाकी असते, कुंड्यांचा स्टँड असतो, त्यावर पाय देत देत मांजर कंपाउंडवर चढतं आणि पलीकडे उडी टाकतं. उतरायला त्याला काही लागत नाही. बाहेरच्या बाजूला मात्र गुळगुळीत प्लास्टर, वर ऑइलपेंट किंवा एक्स्टिरियर पेंट, नखं रुतायला काही नाही. आणि एक गोष्ट कोणी बघत नाही, ती म्हणजे बागेत आपण मातीची भर टाकलेली असते, त्यामुळे आतून साडेचार फूट वाटणारी भिंत रस्त्याकडून मोजली तर सहा साडेसहा भरते. तरणंताठं मांजर उभ्या जागेवरून पाच-सहा फूट उडी मारतं, पण तेच मांजर गाभण असेल, वजन वाढलेलं असेल, म्हातारं होऊन सांधे धरले असतील किंवा नुसती भिंत पावसाने ओली असेल तरी तेवढं जमत नाही. मग ते दोनतीनदा उडी मारून बघतं, घसरतं, आणि गप्प कुठेतरी लपून बसतं. लपून बसलेलं मांजर हाकेला ओ देत नाही, हे पण लक्षात ठेवा, मालकाचा आवाज ओळखत असलं तरी नाही.

पहिलं काम: भिंतीला बाहेरून चक्कर मारा

ड्रिल वगैरे नंतर, आधी बाहेर जा आणि भिंतीच्या कडेने एक फेरी मारा, आणि जमलं तर मधेमधे उकिडवं बसून बघा, म्हणजे मांजराला जिथून दिसतं तिथून. मातीचे पंजे उमटलेत का कुठे, भिंतीवर एकाच जागी ओरखडे आहेत का, काटेरी तारेत केस अडकलेत का. मांजरांच्या वाटा ठरलेल्या असतात, रोज नवीन जागेवरून उडी मारायचा उद्योग ती करत नाहीत. बाहेर पडायची जागा एक आणि परत यायची वेगळीच असं पण असतं, आमच्या बोक्याची दोन टोकांना आहेत. सीसीटीव्ही असेल तर पहाटेचं आणि तिन्हीसांजेचं फुटेज बघा, कारण मांजर जास्त हालचाल याच दोन वेळांना करतं. कॅमेरा नसेल तर दोनचार दिवस संध्याकाळी चहा घेऊन गच्चीत बसा, कळतं आपोआप.

या फेरीत अजून काय बघायचं, तर कुत्री कुठे बसतात, रस्ता किती वाहता आहे, उघडं गटार आहे का, शेजाऱ्यांची विहीर किंवा उघडी टाकी आहे का. परत यायची वाट कुत्र्यांच्या अड्ड्यासमोर काढून उपयोग नाही, आणि शक्यतो मेन रोडच्या बाजूला पण काढू नका, मागच्या बोळातली किंवा शेजाऱ्यांच्या बाजूची भिंत बरी. मांजर आडवं गेलं की आपल्याकडे लोक गाडी थांबवतात म्हणतात, पण रात्री ऐंशीच्या स्पीडने येणारा कोणी थांबत नसतो.

पायऱ्या कशा करायच्या

सगळ्यात सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे सालीसकट लाकडाचा ओंडका तिरका टेकवणं. आंब्याची, बाभळीची, सुबाभळीची छाटलेली फांदी, मनगटापेक्षा चांगली जाड, वरच्या टोकाला भिंतीला तारेने पक्की बांधायची म्हणजे गडगडणार नाही, खालचं टोक जमिनीत थोडं पुरायचं. बांबू गुळगुळीत असतो म्हणून नुसता चालत नाही, त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी लागते, वेढ्याला वेढा लावून, आणि दोन्ही टोकांना दोरी खिळ्याने किंवा तारेने अडकवून टाकायची नाहीतर आठवड्यात सैल होऊन खाली उतरते. नायलॉनची दोरी घेऊ नका, घसरते आणि नखं पण अडकतात. सुतळी पहिल्या पावसात कुजते, काथ्या त्या मानाने बराच टिकतो. उतार जेवढा कमी तेवढं म्हाताऱ्या मांजराला बरं, अगदी उभा टेकवलेला ओंडका फक्त तरुण मांजरांच्या कामाचा.

जागा नसेल तर भिंतीला फळ्या मारायच्या. एल आकाराचे लोखंडी ब्रॅकेट हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, हॅमर ड्रिलने भोकं पाडून रॉलप्लग (स्क्रू पकडून ठेवणारी प्लास्टिकची नळी) टाकून स्क्रू आवळायचे, विटांच्या सांध्यात नाही तर विटेत, आणि जांभ्या दगडाची भिंत असेल तर लांब स्क्रू लागतात कारण चिरा भुगा सोडतो. फळी निदान आठ-नऊ इंच रुंद हवी, म्हणजे मांजराला चारी पाय टेकवून थांबता येतं आणि पुढच्या उडीचा अंदाज घेता येतो, ही थांबायची जागा फार महत्त्वाची आहे, अरुंद पट्टी मारली तर मांजर तिच्याकडे बघतं आणि निघून जातं. दोन फळ्यांमधे दीड ते दोन फूट अंतर, एकाखाली एक नाही तर थोड्या सरकवून, जिन्यासारख्या. साधा प्लाय एका पावसाळ्यात फुगतो, जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्या मिळाल्या तर सोनं, नाहीतर मरीन प्लाय. कडाप्पा लोक सुचवतात पण ओला झाला की तो भयंकर निसरडा होतो, त्यावर काथ्याचं पायपुसणं चिकटवावं लागतं. मी तर सगळ्याच फळ्यांवर काथ्याचं पायपुसणं कापून लावते. गोणपाट लावू नका, पावसात बुरशी येते आणि वास मारतो.

आता खालची पहिली पायरी किती उंचीवर, यावरून घरात भांडणं होतील इतकी मतं आहेत. फार खाली ठेवली तर कुत्रं चढतं, शेजारची पोरं चढतात, आणि सोसायटीतले काका म्हणणार चोरांना जिना करून दिलात. फार वर ठेवली तर म्हातारं मांजर पोचत नाही. मी साधारण तीन फुटांवर ठेवते, आणि फळ्या जेमतेम मांजराचं वजन पेलतील इतपत, म्हणजे माणूस पाय देऊन चढायला गेला तर निघून येतील. चोराला फळीची गरज नसते हो, पण काकांना सांगायला बरं पडतं. घरात म्हातारं मांजर असेल तर पहिल्या फळीखाली एक उलटी कुंडी किंवा दोन चिरे ठेवा, तेवढं पुरतं.

कुत्रं मागे लागलेलं असताना मांजर विचार करत बसत नाही, पळत येऊन ओळखीच्या जागेवर झेप घेतं. म्हणून पहिल्या पायरीसमोर सायकल, जुना पत्रा, वाळूचा ढीग असं काही येऊ देऊ नका, समोरून पळत यायला जागा मोकळी हवी. आणि आतल्या बाजूला ते जिथे उतरणार तिथे निवडुंग, बोगनवेल, उघडं पाण्याचं पिंप, किंवा नुकतीच उखणलेली लोखंडी जाळी नाही ना हे बघा. खाली माती किंवा हिरवळ असली की झालं.

बाहेरची बाजू शेजाऱ्यांची असेल तर आधी विचारा. हे अगदी साधं वाटतं पण लोक परस्पर ड्रिल करतात आणि मग वर्षभर बोलणं बंद. त्यांची भिंत असेल तर भोकं न पाडता कुंड्यांचा उतरता स्टँड ठेवायची परवानगी मागा, वर दोन तुळशी लावून द्या, कोणी नाही म्हणत नाही. महापालिकेच्या फूटपाथवर मात्र ओंडका वगैरे टेकवू नका, लोकांच्या पायात येतो आणि कोणीतरी उचलून नेतंच.

भिंतीवरच्या काचा आणि काटेरी तार

जुन्या बंगल्यांच्या कंपाउंडवर सिमेंटमधे फुटक्या बाटल्या रोवलेल्या असतात अजून. आतून चढताना मांजर हळूहळू पाय ठेवत काचा चुकवतं, पण बाहेरून उडी मारून वर येताना त्याला वर काय आहे ते दिसतच नाही, पंजे थेट काचेवर. पंजाची गादी कापली की जखम लवकर भरत नाही कारण ते सारखं त्यावरच चालतं. पूर्ण भिंतीच्या काचा काढायची गरज नाही, पायऱ्यांच्या वरचा दीड-दोन फुटांचा तुकडा साफ करा, हातोडीने टोकं फोडून (चष्मा घालून, प्लीज) वर सिमेंटचा थर ओढा. काटेरी तार असेल तर तेवढ्या तुकड्यावर पीव्हीसी पाइप उभा चिरून टोपी घातल्यासारखा बसवायचा आणि तारेने बांधायचा, पाइप गुळगुळीत असतो म्हणून वर काथ्या गुंडाळायचा. करंटवालं कुंपण असेल तर त्या बाजूने वाट काढूच नका, दुसरी बाजू शोधा.

फाटकाखालची फट, भिंतीतलं भोक आणि छोटं दार

सगळ्यांना वाटतं फाटक आहे की, खालून येईल. येतं पण. मांजराच्या गळपट्टीचं हाड खांद्याला पक्कं जोडलेलं नसतं, त्यामुळे डोकं गेलं की खांदे जातात, पोट सुटलेलं असेल तर मात्र तिथेच अडकतं हे आमच्या बोक्याने सिद्ध केलेलं आहे. फाटकाखाली चार-पाच इंचांची फट असेल तर बहुतेक मांजरं येतात. पण हल्ली लोक फाटकाला खालपर्यंत पत्रा मारून घेतात, मग तीही वाट बंद. अशा वेळी फॅब्रिकेटरला सांगून पत्र्याच्या एका कोपऱ्यात सहा इंचांचा चौकोन कापून घ्या आणि कडा घासून गोल करून घ्या, कापलेला पत्रा ब्लेडसारखा असतो.

भिंतीतून सहा इंची पाइप आरपार टाकायची आयडिया पण चांगली आहे, फक्त तो जमिनीलगत टाकू नका. जमिनीलगत टाकलात की त्यातून घुशी येतात, पावसाळ्यात साप येतात आणि पावसाचं पाणीही येतं. जमिनीपासून दीडेक फूट वर, बाहेरच्या बाजूला किंचित उतार, आणि आतून जाड रबराचा पडदा. मांजराला शिकवायचं असेल तर पहिले काही दिवस पडदा वर बांधून ठेवा, मग अर्धा सोडा, मग पूर्ण. घाई केली तर ते पडद्याला घाबरतं आणि परत त्या पाइपाकडे फिरकत नाही.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर मायक्रोचिप ओळखून उघडणारी मांजराची दारं मिळतात, तांदळाच्या दाण्याएवढी चिप डॉक्टर मानेजवळ कातडीखाली टोचतात, त्यावर पंधरा आकडी नंबर असतो आणि दार फक्त त्या नंबरालाच उघडतं, म्हणजे गल्लीतला बोका बाहेरच. पण चिप म्हणजे जीपीएस नाही हां, चिप बसवली म्हणून मांजर कुठे आहे ते मोबाईलवर दिसत नाही. दुकानदार पण कधीकधी असं सांगून टाकतात.

जाळी लावलेली बाग असेल तर

काही जण मांजर बाहेर जाऊच नये म्हणून भिंतीवर जाळी लावतात, वरचं दीडदोन फूट टोक आतल्या बाजूला पंचेचाळीस अंशात वाकवलेलं, म्हणजे आतून चढलं तरी डोक्यावर जाळी येते आणि मांजर मागे फिरतं. छान पद्धत आहे. पण मांजर कधीतरी उघड्या फाटकातून निसटतंच, आणि मग तीच जाळी त्याला परत येऊ देत नाही. म्हणून जाळी असलेल्यांनी तर बाहेरून पायऱ्या नक्कीच कराव्यात. जाळी आत वाकलेली असल्यामुळे बाहेरून वर आलेलं मांजर टोकावरून आत उतरू शकतं, आतून मात्र बाहेर जाऊ शकत नाही, दोन्ही कामं होतात. धोका एकच, परका बोका आत उतरला तर तो पण आतच अडकतो आणि मग मारामारी, तेव्हा सकाळी एक चक्कर मारून बघायचं. आणि कबुतरांसाठीची बारीक नायलॉनची जाळी वापरू नका, नखं गुंततात, पिल्लाचा गळा पण अडकू शकतो. वेल्डमेश घ्या, म्हणजे लोखंडी तारा वेल्ड करून केलेली ताठ जाळी.

वाट आहे तरी येत नाही?

मग वर कोण बसलंय बघा. हे कारण लोकांच्या डोक्यातच येत नाही. सगळ्या पायऱ्या व्यवस्थित आहेत पण भिंतीवर शेजारचा ढोल्या बोका ठाण मांडून बसलाय, तो काही करत नाही, नुसता बघतो, आणि तेवढ्यावर आपली मांजरी रात्रभर खाली. एका घरातली दोन मांजरं पण एकमेकांना असं अडवतात. यावर उपाय म्हणजे दुसरी वाट, बागेच्या दुसऱ्या टोकाला, एकमेकांवरून दिसणार नाही अशी. एकच पक्की आणि सुंदर वाट करण्यापेक्षा दोन कामचलाऊ बऱ्या. आणि आपल्या बोक्याचं ऑपरेशन केलेलं नसेल तर करून घ्या, पाच-सहा महिन्यांचा झाला की होतं, नाहीतर तो माजावर आलेल्या मांजरीच्या मागे कुठेकुठे जातो आणि फाटके कान घेऊन येतो. अँटी रेबीज लस पण त्याच फेरीत.

हाकेची सवय

वाट केली की तिच्याकडे बोलवायला आवाज पाहिजे. रोज संध्याकाळी अंधार पडायच्या आधी जेवण द्यायचं, आणि देण्याआधी एकच ठरलेला आवाज, ताटलीवर चमचा, डब्यात खडखडणारा ड्राय फूड, काहीही, पण रोज तोच. बाहेर जायच्या आधी पोटभर खायला घालू नका, पोट भरलेलं मांजर कशाला परत येईल. त्या आवाजाने बोलावून कधीही औषध पाजायचं नाही, आंघोळ घालायची नाही, पिंजऱ्यात कोंबायचं नाही, एकदा फसवलं की आवाज फुकट गेला. सुकट, जवळा किंवा बोंबलाचा तुकडा तव्यावर भाजला तर वास पार गल्लीच्या टोकापर्यंत जातो, शाकाहारी शेजाऱ्यांची माफी मागून हा उपाय राखीव ठेवा.

नवीन पायऱ्या शिकवताना खालून सुरुवात करू नका. मांजराला वरच्या फळीवर ठेवा, तिथे खाऊ द्या, ते आत उतरेल. मग एक फळी खाली, मग अजून एक खाली. असं केलं की प्रत्येक वेळी पुढची उडी त्याच्या ओळखीच्या जागेवर असते.

आत्ता या क्षणी बाहेर अडकलंय तर

पळू नका आणि मागे लागू नका. मागे लागलं की मांजर घरापासून लांब पळतं. कुत्री असतील तर एका माणसाने बिस्किटं घेऊन त्यांना दुसऱ्या टोकाला न्यायचं, फाटक उघडायचं, अंगणातला झगझगीत दिवा बंद करायचा आणि बाजूला खाली बसून राहायचं. ते आपणहून येतं, भिंतीला चिकटून, कडेकडेने. घाबरलेल्या मांजराला हातात उचलून रस्ता ओलांडायला जाऊ नका, गाडीचा हॉर्न वाजला की ते तुमच्या खांद्यावरून निसटतं आणि जाताना हात फाडून जातं. उचलायचंच असेल तर जाड टॉवेल टाकून गुंडाळायचं आणि झाकणाच्या टोपलीत किंवा क्रेटमधे ठेवायचं. चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि दवाखान्यात जायचं, आपलंच मांजर आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि लंगडत आलं म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका, मांजराला ती विष आहे, अर्धी गोळी पण.

झाडावर अडकलं असेल तर. मांजराची नखं मागे वळलेली असतात, वर चढायला ती उत्तम, डोकं खाली करून उतरायला कुचकामी, उलटं पाठमोरं उतरायला लागतं आणि ते सगळ्यांना सुचत नाही. गर्दी हटवा, काही तास थांबा, रात्र शांत झाली की बरीच उतरतात. काथ्या गुंडाळलेला बांबू किंवा लांब फळी फांदीला टेकवून ठेवली तर मदत होते. दगड मारणं, पाणी मारणं, फांदी हलवणं नाही. माडावर किंवा पोफळीवर चढलं असेल तर नारळ काढणाऱ्या माणसाला बोलवा, पाठीला पिशवी लावून, सरळ खोडावरून मांजर आपणहून उतरायची शक्यता कमी. उन्हाळ्यात पूर्ण दिवस गेला तर अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा, पक्षी-प्राण्यांसाठी ते येतात. विजेच्या तारेजवळ असेल तर स्वतः काहीही करायचं नाही, आधी वीज कंपनीला कळवून लाइन बंद करून घ्यायची.

विहिरीत पडलं तर क्रेट किंवा वेताची टोपली चार कोपऱ्यांना दोर बांधून सावकाश पाण्यापर्यंत सोडा आणि हलवू नका, मांजर पोहत येऊन आत चढतं, चढलं की एका लयीत वर ओढा. जुन्नर भागात विहिरीत पडलेल्या बिबट्यांना पण दोर बांधलेली खाट किंवा पिंजरा सोडूनच काढतात, तत्त्व तेच. बागेत स्वतःची विहीर असेल तर वर जाळी टाका, आणि शिवाय एक जाड काथ्याचा दोर कायम पाण्यापर्यंत लोंबता ठेवा, मांजर सोडा, खारी आणि मुंगसं पण वाचतात.

बिबट्याचा विषय निघालाच आहे तर, जुन्नर, अकोले, संगमनेर, नाशिकचा ऊसपट्टा, बोरिवलीचं नॅशनल पार्क लागून असलेला भाग, इथे राहणाऱ्यांनी परत यायची वाट केली तरी रात्री मांजर घरात कोंडाच. अकोले भागातल्या बिबट्यांच्या खाण्यावर २०१४ साली एक अभ्यास छापून आला होता, विष्ठा तपासून, त्यात पहिला नंबर कुत्र्यांचा होता, ३९ टक्के, आणि दुसरा पाळीव मांजरांचा, १५ टक्के. तिथे सात वाजता दार बंद म्हणजे बंद.

सणासुदीचे दिवस

दिवाळीत दुपारी चारलाच आत घ्या आणि खिडक्या लावा, पहिला सुतळी बॉम्ब वाजला की पायऱ्याबियऱ्या काही आठवत नाही, मांजर समोर दिसेल त्या माळ्यावर घुसतं. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास पायऱ्यांवर, झाडावर, भिंतीवर मांजा अडकलाय का रोज बघा. नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ पासून देशभर बंदी घातलेली आहे तरी मिळतो तो मिळतोच, पायाला गुंडाळला की हाडापर्यंत जातो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडवरून जाणारी वाट असेल तर ती दुपारी वापरण्याजोगी नसते, पत्र्यावर एक फळी आडवी टाकून द्या. आणि थंडीपावसात गाडी चालू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा, बाहेर राहिलेलं मांजर उबेला इंजिनपाशी बसतं.

रात्र गेली, सकाळ झाली, तरी पत्ता नाही

लांब शोधायच्या आधी जवळ शोधा. २०२० साली सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांना जीपीएस लावून केलेला अभ्यास आला, त्यात बहुतेक मांजरं घरापासून शंभर मीटरच्या आतच वावरत होती. आणि २०१८ साली १२१० हरवलेल्या मांजरांचा अभ्यास झाला त्यात सापडलेल्यांपैकी पाऊण मांजरं ५०० मीटरच्या आत सापडली, आणि निम्मी तर साधारण ५० मीटरच्या आत. म्हणजे काय, तर शेजाऱ्यांची स्टोअररूम, गच्चीवरची खोली, बंद दुकानाचं गोडाऊन, जिन्याखालचा मीटरबॉक्स, बांधकाम चालू असलेल्या साइटवरच्या पोत्यांमागे. शेजाऱ्यांना नुसतं विचारू नका "दिसलं का हो", ते नाही म्हणून दार लावतात, त्यांना कुलूप उघडायला सांगा, काल दुपारी स्टोअररूम उघडली होती का ते आठवायला सांगा. रात्री अकरानंतर रहदारी थांबली की टॉर्च घेऊन जा, डोळे चमकतात त्यावरून कळतं, एकदा ठरलेला आवाज करा आणि मग दोन मिनिटं एकदम गप्प उभं राहून ऐका. सारखं ओरडत फिरलं तर त्याचं बारीक म्याव ऐकूच येत नाही. तुमची वापरलेली चादर किंवा त्याची झोपायची गादी पायऱ्यांच्या वरच्या टोकाजवळ ठेवा. घाणीची ट्रे बाहेर ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मला ते पटत नाही, त्या वासाने परके बोके येतात आणि आपलं मांजर अजून लांब बसतं.

गळ्यात पट्टा घालणार असाल तर ओढलं की सुटणाऱ्या बकलचाच घ्या, साधा पट्टा भिंतीवरच्या तारेत किंवा फांदीत अडकला तर फास बसतो. त्यावर मोबाईल नंबर लिहिलेला असला तर निम्मं काम होतं, नाहीतर गुबगुबीत मांजर दिसलं की कोणीतरी प्रेमाने घरात ठेवून घेतं.

आणि या सगळ्या फळ्या-ओंडक्यांची वर्षातून दोनदा तपासणी लागते, एकदा मे अखेर पावसाच्या आधी आणि एकदा गणपती झाले की. स्क्रू गंजलेत का, फळी हलते का हाताने दाबून बघा, काथ्या कुजला असेल तर नवीन गुंडाळा, भिंतीच्या वरच्या कडेला शेवाळ धरलं असेल तर तारेच्या ब्रशने घासून काढा. डुगडुगणारी फळी एकदा जरी पायाखालून हलली तरी मांजर ती वाट सोडतं, आणि मग दुरुस्त केल्यावर परत वरच्या फळीपासून खाऊ ठेवत शिकवायला लागतं.